शेगडा : कामगाराचा तिसरा हात

तुमच्या घरात सुरी असेल आणि विळीही असेल. दोन-चार मिरच्या चिरायच्या असतील तर सुरी चालते. पण लाल भोपळा चिरायचा असला, की घरातली जाणती मंडळी विळीच का घेतात, याचा कधी विचार केला आहे का? सुरीने चिरताना एक हात सुरीत अडकतो आणि भोपळा सांभाळायला एकच हात उरतो. विळीच्या पाटावर पाय दाबून बसले, की शरीराच्या भाराने पाते जागच्या जागी स्थिर होते आणि भोपळा धरायला दोन्ही हात मोकळे राहतात. जमिनीवर बसून काम करणारा सुतार फळी पायाने दाबून धरतो. चपला शिवणारा कारागीर चामडे दोन गुडघ्यांत पकडतो. या साऱ्यांनी एकच प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. कापायचे, तासायचे किंवा भोक पाडायचे असेल, तर हत्यार आणि वस्तू यांपैकी एकाला तरी पक्के धरून ठेवावे लागते.

लाकूड किंवा चामडे असेपर्यंत हातपाय पुरतात. लोखंडाची सळई कापायची म्हटली, की आपले बळ तोकडे पडते. तेथे जे साधन उपयोगी पडते, त्याला मराठी पुस्तकांत ‘शेगडा’ म्हणतात. कारखान्यात मात्र तुम्हांला ‘व्हाइस’ हाच शब्द ऐकू येईल. तंत्रशाळेत, आय. टी. आय. मध्ये किंवा गावातल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात बाकाच्या कडेला बोल्टांनी घट्ट बसवलेला हा बिडाचा जड ठोकळा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. दिसायला तो ओबडधोबड असतो. पण तरफ, उतार, घर्षण, स्थितिस्थापकता आणि परिबल असे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले कितीतरी धडे त्याच्यात एकत्र नांदत असतात. ते आज आपण एकेक करून पाहू या.

शेगड्याची रचना

शेगड्याला दोन जबडे असतात. एक स्थिर, तो मूळ सांगाड्याचाच भाग असतो. दुसरा पुढेमागे सरकणारा. सरकत्या जबड्यातून एक जाड आटेदार दांडा, म्हणजे स्क्रू, आत जातो आणि स्थिर भागात पक्क्या बसवलेल्या नटात फिरतो. स्क्रूच्या बाहेरच्या टोकाला आडवी मूठ असते. मूठ फिरवली की स्क्रू नटात शिरतो आणि सरकत्या जबड्याला आपल्याबरोबर ओढतो. जबड्यांच्या आतल्या तोंडांवर कठीण पोलादाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांवर आडव्यातिडव्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. ज्या तुकड्यावर काम करायचे, त्याला कारखान्याच्या भाषेत ‘जॉब’ म्हणतात. तो या दोन पट्ट्यांमध्ये धरला जातो.

बाकावरच्या शेगड्याखेरीज ड्रिल किंवा मिलिंग यंत्राच्या मेजावर बसवायचा आणखी एक प्रकार असतो. त्याला ‘मशीन व्हाइस’ म्हणतात. त्याचे जबडे गुळगुळीत, एकमेकांना समांतर आणि तळाशी अचूक काटकोनात असतात. दोन्ही प्रकारांचे मूळ तत्त्व एकच.

गुंडाळलेला उतार

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. पाया २० सेंटिमीटर आणि उंची ५ सेंटिमीटर घ्या. त्याची तिरकी कड रंगीत पेन्सिलने ठळक करा. आता त्रिकोणाची उभी कड एका पेन्सिलीला समांतर ठेवून कागद तिच्याभोवती गुंडाळत जा. तिरकी कड पेन्सिलीभोवती वळसे घेत वर चढताना दिसेल. हाच स्क्रू! म्हणजे स्क्रूचे आटे हा दुसरे काही नसून दांड्याभोवती गुंडाळलेला उतार आहे. घाटातला रस्ता वळणे घेत घेत चढतो, तेव्हा अंतर वाढते पण चढ सोपा होतो. तीच युक्ती येथे आहे.

आता थोडे गणित करू. समजा, मुठीच्या टोकापासून स्क्रूच्या मध्यापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर आहे आणि दोन आट्यांमधले अंतर ५ मिलिमीटर आहे. मूठ एक पूर्ण फेरा फिरली, की तुमचा हात २ × ३.१४ × २० म्हणजे सुमारे १२५ सेंटिमीटर प्रवास करतो. तेवढ्यात जबडा सरकतो फक्त अर्धा सेंटिमीटर. १२५ भागिले ०.५ म्हणजे २५०. घर्षण मुळीच नसते, तर तुमच्या हाताचे बल २५० पट झाले असते. मुठीवर तुम्ही १५० न्यूटन बल लावले (सुमारे १५ किलोग्रॅम वजन उचलायला लागते तेवढे), तर जबड्यांनी जॉबला ३७,५०० न्यूटन बलाने दाबले असते.

प्रत्यक्षात असे होत नाही. स्क्रूचे आटे नटाच्या आट्यांवर घासतात, स्क्रूची कड जबड्यावर घासते. आपण केलेल्या कार्याचा मोठा भाग या घर्षणात खर्च होतो. अशा स्क्रूची कार्यक्षमता सुमारे एक-पंचमांश धरली, तरी जबड्यांमधले बल ७,५०० न्यूटन भरते. हे सुमारे साडेसातशे किलोग्रॅम वजनाइतके झाले. एका हाताने मूठ आवळणारा दहावीतला मुलगा छोट्या मोटारगाडीच्या वजनाइतका दाब निर्माण करू शकतो!

घर्षण : चोर की राखणदार?

पाच भागांपैकी चार भाग घर्षणाने खाऊन टाकले, हे वाचून तुम्ही हळहळला असाल. आट्यांना उत्तम वंगण घालून, गोळ्यांचे बेअरिंग बसवून हे घर्षण जवळजवळ नाहीसे केले तर? मग जबडे आवळून तुम्ही मूठ सोडताक्षणीच ती उलटी गरगर फिरली असती आणि जॉब खाली पडला असता. शेगड्याची मूठ सोडून दिल्यावरही पकड कायम राहते, ती केवळ घर्षणाच्या कृपेने.

हे का घडते ते नीट समजून घ्या. जबडे आवळले जातात तेव्हा जॉब किंचित दबतो, जबडे किंचित मागे वाकतात आणि स्क्रू किंचित ताणला जातो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण संपूर्ण शेगडा एखाद्या कडक स्प्रिंगप्रमाणे ताणलेला असतो. या स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा स्क्रूला उलटे फिरवायला पाहते. आवळताना आपण केलेल्या कार्याचे पाच भाग धरले, तर त्यांतला एक भाग या स्प्रिंगेत साठला आणि चार भाग घर्षणात गेले. सुटण्यासाठी स्क्रूला तोच मार्ग उलटा चालायचा आहे, आणि त्या वाटेवरही घर्षण जवळपास तेवढेच आहे. एका भागाची शिदोरी घेऊन चार भागांचा खर्च कसा भागणार? म्हणून स्क्रू जागचा हलत नाही. स्क्रूची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असेल, तर तो आपण होऊन उलटा फिरत नाही, असा नियमच आहे.

हीच गोष्ट कोनांच्या भाषेतही मांडता येते. आपल्या स्क्रूचा सरासरी व्यास २० मिलिमीटर असेल, तर त्याचा घेर सुमारे ६३ मिलिमीटर झाला. एवढ्या घेरात आटा ५ मिलिमीटर चढतो, म्हणजे उतार सुमारे साडेचार अंशांचा. पोलादावर पोलाद घसरण्यासाठी आपण घर्षण गुणांक ०.१५ धरला, तर साडेआठ अंशांचा उतार हवा. साडेचार अंशांच्या उतारावर वस्तू घसरणारच नाही.

तुम्हांला हा कोन घरी मोजता येईल. पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक मेजावर ठेवून त्यावर एक नाणे ठेवा. पुस्तकाची एक कड हळूहळू उचला. नाणे घसरू लागेल त्या क्षणी थांबा आणि उचललेल्या कडेची मेजापासूनची उभी उंची मोजा. पुस्तकाच्या टेकलेल्या कडेपासून त्या उंचीच्या पायथ्यापर्यंतचे आडवे अंतरही मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागले, की नाणे आणि पुस्तक यांमधला घर्षण गुणांक मिळाला. नंतर पुस्तकावर थोडी शंखजिऱ्याची पूड भुरभुरून प्रयोग पुन्हा करा. फरक लगेच कळेल.

पकड किती मजबूत?

जॉबला धरून ठेवणारे बलही मुख्यतः घर्षणाचेच. जबडे दोन, म्हणून घर्षणाच्या जागाही दोन. ७,५०० न्यूटनला घर्षण गुणांक ०.१५ ने गुणा आणि त्याची दुप्पट करा. उत्तर २,२५० न्यूटन येते. जबड्यांना समांतर दिशेने यापेक्षा मोठे बल लागले, तर जॉब सरकेल. करवतीने किंवा कानशीने काम करणाऱ्या माणसाच्या हाताचे बल याच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे काळजीचे कारण नाही. मिलिंग यंत्राचा दातेरी कटर मात्र खोल काप घेताना हजार न्यूटनांच्या घरात सहज जातो. आता जबड्यांवर तेलाचा ओशट थर आहे असे समजा. घर्षण गुणांक ०.१५ ऐवजी ०.१० झाला, तर पकड एकदम १,५०० न्यूटनांवर येते. मूठ तेवढीच आवळली, पण एक-तृतीयांश पकड तेलाने पळवली! जॉब बांधण्यापूर्वी जबडे आणि जॉब कापडाने पुसून घ्या, असे कार्यशाळेतले शिक्षक वारंवार का सांगतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

हे झाले जबड्यांना समांतर असणाऱ्या बलाचे. जबड्यांच्या काटकोनात, म्हणजे एका जबड्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या दिशेने बल लागले तर? ते बल स्थिर जबड्याकडे रोखलेले असेल, तर घर्षणाची गरजच नाही. तो जबडा भिंतीसारखा पाठीशी उभा असतो. उलट ते सरकत्या जबड्याकडे रोखलेले असेल, तर सारा भार स्क्रू आणि नट यांवर येतो. म्हणून छिन्नीने काम करताना हातोड्याचा घाव स्थिर जबड्याच्या दिशेने मारावा.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. घर्षण बल स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे पुस्तकात सांगितलेले असते. मग जॉब जबड्यांत खोल धरला काय आणि निसटता धरला काय, सारखेच नव्हे का? सरळ सरकण्याच्या बाबतीत ते खरे आहे. पण कलंडण्याच्या बाबतीत नाही. समजा, एक पट्टी जबड्यांच्या वर ६० मिलिमीटर उभी आहे आणि जबड्यांत फक्त १० मिलिमीटर आहे. तिच्या वरच्या टोकाला १०० न्यूटन बल लागले, की पट्टी तरफ बनते. लांब बाजू ६० आणि आखूड बाजू १०. त्यामुळे जबड्यांच्या कडांवर किमान ६०० न्यूटन बल येते. पट्टी डळमळते, कानस किंचाळू लागते आणि घासलेला पृष्ठभाग खडबडीत होतो. पट्टी खोल धरा आणि जबड्यांच्या वर गरजेपुरतीच ठेवा, की ही कर्कश किंचाळी बंद होते.

हालचालींचे सहा मार्ग

घट्ट धरणे वेगळे आणि नेमक्या जागी धरणे वेगळे. मेजावर एक काडेपेटी ठेवा आणि ती किती प्रकारे हलू शकते ते मोजा. ती डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकू शकते. हे तीन प्रकार झाले. याच तीन दिशांना आस मानून ती तीन प्रकारे वळूही शकते. एकूण सहा मार्ग. जॉब अचूक जागी बसवायचा, तर हे सहाही मार्ग बंद करावे लागतात.

तिपाई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवा, ती डगमगत नाही. चार पायांचे टेबल मात्र डगमगते. कारण तीन बिंदूंनी एक प्रतल पक्के ठरते. जॉबचा तळ तीन बिंदूंवर टेकला, की त्याचे वर-खाली सरकणे आणि दोन बाजूंना कलणे असे तीन मार्ग बंद होतात. मग जॉबची पाठ स्थिर जबड्याच्या दोन बिंदूंना टेकवा. पुढे-मागे सरकणे आणि उभ्या आसाभोवती वळणे बंद झाले. शेवटी बाजूला एक अडसर लावून जॉब एका बिंदूवर टेकवा. डावी-उजवीकडे सरकणेही संपले. तीन, दोन आणि एक, एकूण सहा! यंत्र अभियांत्रिकीत हा ‘३-२-१ नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. एकासारखे एक शंभर भाग बनवायचे असतील, तर प्रत्येक जॉब याच सहा बिंदूंना टेकवून बसवतात. त्यामुळे दर वेळी नव्याने मोजमाप करावे लागत नाही. सरकत्या जबड्याचे काम एवढेच, की जॉबला या जागी दाबून ठेवायचे.

कारागिराच्या युक्त्या

मशीन व्हाइसमध्ये जॉब उंच करण्यासाठी त्याखाली सारख्या जाडीच्या दोन अचूक पट्ट्या ठेवतात. त्यांना ‘पॅरलल’ म्हणतात. जबडा आवळला, की एक गंमत होते. स्क्रू खालच्या बाजूला आणि जॉब वरच्या बाजूला असल्यामुळे सरकत्या जबड्यावर एक परिबल निर्माण होते आणि तो किंचित वर उचलला जातो. त्याच्याबरोबर जॉबचीही एक बाजू पट्टीवरून केसभर उचलली जाते. अनुभवी कारागीर आवळल्यानंतर शिशाच्या किंवा लाकडी हातोड्याने जॉबवर हलके ठोके देतो. मग खालच्या पट्ट्या बोटांनी हलवून पाहतो. पट्टी हलली, तर जॉब टेकलेला नाही. मोजण्याचे कोणतेही यंत्र न वापरता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी फट अशी बोटांना कळते.

ओतीव जॉबच्या दोन बाजू पुष्कळदा समांतर नसतात. तसाच धरला, तर दोन्ही जबडे त्याला आपापल्या परीने सरळ करू पाहतात आणि जॉब स्थिर जबड्यापासून सुटतो. यावर उपाय सोपा आहे. सरकता जबडा आणि जॉब यांच्यामध्ये एक गोल सळई आडवी ठेवायची. आता त्या बाजूला स्पर्श फक्त एका रेषेवर होतो, आणि जॉबची चांगली बाजू स्थिर जबड्याला सपाट चिकटून बसते.

गोल सळई दोन सपाट जबड्यांत धरली, तर स्पर्श दोनच रेषांवर होतो आणि ती सहज फिरते. एका बाजूला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असेल, तर स्पर्श तीन रेषांवर होतो आणि सळई मुकाट्याने जागेवर राहते. येथेही तीन हाच आकडा उपयोगी पडला, हे पाहा. तांबे, पितळ अशा मऊ धातूंवर जबड्यांच्या रेघा उमटू नयेत, म्हणून जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पत्र्याच्या टोप्या चढवतात.

आणि पकड जास्तीत जास्त घट्ट म्हणजे उत्तम, असेही समजू नका. पोलादाचा ५० मिलिमीटर रुंद आणि चार चौरस सेंटिमीटर छेदाचा भरीव ठोकळा ७,५०० न्यूटन बलाने दाबला, तर तो सुमारे ५ मायक्रोमीटर आखूड होतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो, त्यामुळे एवढ्याने बहुधा बिघडत नाही. पण भरीव ठोकळ्याऐवजी पातळ कडे असेल, तर ते चपटे होते. अशा दबलेल्या कड्याला आतून अगदी अचूक गोल भोक पाडले आणि मग शेगडा सैल केला, तर काय होईल? कडे स्थितिस्थापकतेने मूळ आकारावर येते आणि गोल पाडलेले भोक लंबगोल होते! यंत्राची चूक नाही, कारागिराच्या हाताची चूक नाही. चूक पकडीची. म्हणूनच पातळ नळी धरताना तिच्यात लाकडाचा गुल्ला घालतात, आणि शेवटचा बारीक काप घेण्यापूर्वी पकड थोडी सैल करतात.

मुठीत लांब पाइप घालून शेगडा आवळणारे लोकही तुम्हांला भेटतील. २० सेंटिमीटरची मूठ ६० सेंटिमीटरची झाली, की जबड्यांतले बल तिप्पट, म्हणजे २२,५०० न्यूटन होते. बीड दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. मागे वाकलेला जबडा मुळाशी ताणला जातो आणि तेथेच तडकतो. बनवणाऱ्याने मुठीची लांबी विचार करूनच ठरवलेली असते.

ड्रिलखालचा हात

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पत्र्याच्या तुकड्याला एक छोटे भोक तर पाडायचे आहे, त्यासाठी शेगडा कशाला, हातात धरला की झाले, असे पुष्कळांना वाटते. या विचारापायी किती बोटे जायबंदी होतात, ते कोणत्याही कारखान्यातल्या जुन्या माणसाला विचारा.

हिशेब करून पाहू. ड्रिल यंत्राची मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३७५ वॅटची आहे आणि ड्रिल मिनिटाला ५०० फेरे घेते असे समजा. शक्तीला कोनीय वेगाने भागले, की परिबल सुमारे ७ न्यूटन-मीटर येते. तुम्ही तुकडा मध्यापासून ५ सेंटिमीटरवर धरला असेल, तर तो रोखायला १४० न्यूटन बल हवे. चौदा किलोग्रॅमचे वजन बोटांच्या चिमटीत धरण्यासारखे हे आहे. ड्रिल तुकड्याच्या आरपार निघते, त्या क्षणी त्याच्या कडा उरलेल्या पातळ पापुद्र्यात रुततात आणि तुकडा ड्रिलबरोबर फिरू लागतो. त्या वेळी यंत्राच्या फिरत्या भागांचा संवेगही मदतीला येतो आणि बल आणखी वाढते.

५०० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला आठांहून अधिक. धोका दिसल्यापासून हात मागे घेण्यास सुरुवात करायला माणसाला सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात धारदार कडांचा तो तुकडा दीड फेऱ्याहून अधिक फिरलेला असतो. मध्यापासून १० सेंटिमीटरवर असलेल्या त्याच्या कोपऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर असतो. तुम्ही कितीही चपळ असा, या शर्यतीत तुम्ही हरणार हे गणितानेच ठरलेले आहे. तेव्हा जॉब कितीही लहान असो, तो शेगड्यातच धरा, आणि शेगडा मेजाला बोल्टांनी आवळा. ड्रिल वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून लांब जॉबचे टोक यंत्राच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकून राहील असे ठेवावे. म्हणजे पकड सुटलीच, तर ते टोक तुमच्या अंगावर न येता खांबावर अडते. ड्रिल चालू असताना हातमोजे घालू नका, बाह्या दुमडून घ्या, आणि धातूचा कीस हाताने न काढता यंत्र थांबवून ब्रशाने काढा.

एका झिजलेल्या व्हाइसची गोष्ट

शेगड्याशी निगडित एक गोष्ट यंत्रविद्येच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सॅम्युएल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ती सांगितली आहे. हेन्री मॉड्स्ले हा १७७१ साली जन्मलेला तरुण वुलिच येथील शस्त्रागारात काम करीत असे. वयाच्या अठराव्या वर्षी तो लंडनला जोसेफ ब्रामा या नामांकित कुलूपकर्त्याकडे नोकरीसाठी गेला. अडचण अशी होती, की त्या काळी सात वर्षे रीतसर उमेदवारी केल्याशिवाय कारागीर म्हणून कामावर घेत नसत, आणि मॉड्स्लेने ती केलेली नव्हती. कार्यशाळेत एक जुनापुराणा, जबडे झिजलेला व्हाइस पडला होता. संध्याकाळी सहापर्यंत हा पूर्ववत करून दिला, तर मला कामावर घ्याल का, असे मॉड्स्लेने विचारले. त्याने जबड्यांना पोलादी तोंडे बसवली, कानशीने ती साफ केली, त्यांवर दाते पाडले, पोलादाला पाणी दिले आणि वेळेपूर्वीच व्हाइस जोडून उभा केला. नोकरी मिळाली!

याच मॉड्स्लेने १८०० सालाच्या सुमारास स्क्रूचे आटे अचूक कापणारा लेथ तयार केला. त्यापूर्वी बहुतेक स्क्रू हाताच्या कौशल्यावर अवलंबून असत आणि एकाचा नट दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसे. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे १८४१ साली आट्यांची प्रमाणित मापे सुचवली. आज दुकानातून आणलेला नट आपल्या बोल्टावर सहज फिरतो, त्यामागे हा इतिहास आहे.

पुढच्या वेळी तंत्रशाळेत किंवा गॅरेजमध्ये गेलात, तर शेगड्यासमोर ताठ उभे राहा आणि मूठ वळून हनुवटीखाली धरा. कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकले, तर शेगड्याची उंची तुम्हांला बरोबर आहे. मग एक फेरा फिरवल्यावर जबडा किती सरकतो ते पट्टीने मोजा, मुठीची लांबी मोजा, आणि त्या शेगड्याचा यांत्रिक फायदा काढा.

विचार करा

१. शेगड्याच्या स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर ५ मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटर केले, तर जबडा झटपट सरकेल. मग तसे का करीत नाहीत? (बाकीची मापे लेखातलीच घ्या आणि उताराचा कोन काढून पाहा.)

२. लांब सळई बाकाच्या पुढे उभी लोंबती धरता यावी, म्हणून शेगडा बाकावर कसा बसवावा? कोणता जबडा बाकाच्या कडेच्या बाहेर यावा?

३. घरातल्या अशा पाच वस्तू शोधा, ज्यांत घर्षण नसते तर पकड सुटली असती. कपडे वाळत घालायच्या चिमट्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.